मुसकं कुत्र्याला, धाप सशाला

अर्ज व्यवस्थित टाइप केलेला होता. प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब, बुलढाणा. विषय : श्वान-ससा शर्यतीस नियम व अटींसह परवानगी मिळणेबाबत. खाली चार अटी होत्या, अर्ज करणाऱ्या पोरांनी आपणहून घालून घेतलेल्या. कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधू. सशाला आधी लांब पळू देऊ, मगच कुत्रे सोडू. शर्यत संपली की ससा 'सुखरूप निसर्गमुक्त' करू. आणि शर्यतीआधी कुत्रे व ससे दोन्ही पशुवैद्यकाकडून तपासून घेऊ. या चौथ्या अटीसाठी ते माझ्याकडे आले होते. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीचा बराच काळ मोताळा-मलकापूर पट्ट्यातल्या दवाखान्यांत गेला, आता रोहिणखेडला घरीच असतो. लोक अजून बकरी-गाय घेऊन दारात येतात आणि डाक्टर म्हणतात, म्हणून सहीसाठी मी.

"शंकरपटाले परवानगी भेटली ना, डाक्टर? मंग आमच्या कुत्र्याईनंच कोनाचं घोडं मारलं?" त्यांच्यातला बोलका होता तो म्हणाला.

सही मी केली नाही. पण प्रश्न फालतू नव्हता. ही पोरं चोरून शिकार करणाऱ्यांतली नाहीत, निदान त्या दिवशी तरी नव्हती. जे चोरून चालतं ते उजेडात आणून नियमात बसवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. असं म्हणणारे पुढारीही उद्या निघतील. तेव्हा उत्तर चारचौघांत दिलेलं बरं.

चोरून काय चालतं, ते आधी सांगतो. सोयाबीन निघालं, मका मोडला आणि रानं मोकळी झाली की आमच्याकडे संध्याकाळच्या मोटारसायकली सुरू होतात. चालवणारा पुढे, दुसरा मागे आणि दोघांच्या मध्ये पाय रोवून उभा एक लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेला कुत्रा. कारवानी, मुधोळ, पश्मी, नाहीतर यांच्यात ग्रेहाऊंड मिसळून केलेली जात. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याची ई-क्लास सरकारी जमीन, नाल्याकाठची पडीक रानं, कापलेली शेतं या त्यांच्या जागा. अंधार पडला की बॅटरीचा झोत. ससा झोतात सापडला की क्षणभर थिजतो, मग उठतो. तिथून पुढे सगळं मोबाइलवर चित्रित होतं आणि रात्रीच गाणं लावून फिरवलं जातं. कोणाचा कुत्रा आधी पोचला यावर पैसे लागतात. तुडवल्या जाणाऱ्या हरभऱ्याचं कोणी बोलत नाही. तुटलेल्या तारेचंही नाही, कारण रात्री चार-सहा जणांना अडवायला एकटा जागलीवाला कशाला पुढे होईल?

आता शंकरपट. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैल धडधाकट असल्याचा डॉक्टरचा दाखला, मारझोड नाही, अशा अटींवर आता पट भरतो. या अटी किती पाळल्या जातात यावर मी स्वतंत्र लेख लिहीन, आणि तो गोड नसेल. पण बैल आणि ससा यांच्यात एक फरक आहे, त्याला कुठलीच अट पुरी पडत नाही. बैलाला मालक आहे. बैल जन्मापासून माणसाच्या हाताखाली असतो, त्याला दावं कळतं, आवाज कळतो, पट संपला की वैरण आहे हे कळतं. त्याचा पाय मोडला तर मालकाचे लाख-दीड लाख जातात, म्हणून तरी मालक जपतो. ससा कोणाचाच नाही. त्याचा पाय मोडला तर दुसरा धरून आणायचा. आणि शर्यत संपली हे सशाला सांगणार कोण? मुसकं बांधलंय हे त्याला दिसत नाही, समजत नाही. त्याच्या लेखी मागून मरणच येत असतं.

कायद्यालाही हे समजलेलं आहे. पोरांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गावातल्या बहुतेकांना माहीत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात प्राणी मारणं आणि विष घालणं आहेच. शिवाय पकडणं, फासे लावणं, सापळा लावणं, हाका करून काढणं, आमिष दाखवणं आणि कुत्रे लावून पळवणंही आहे. नुसता तसा प्रयत्न केला तरी शिकार. प्राणी रानातला असो की कोंडून ठेवलेला, तरीही शिकार. म्हणजे ससा मेला की जगला, कुत्र्याच्या तोंडाला मुसकं होतं की नव्हतं, हे प्रश्न पुढचे. कुत्रा सुटला त्याच क्षणी गुन्हा झालेला असतो. आपला रानससा पूर्वी या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसरीत आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. याउलट १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा बघा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. मोटारसायकलला संध्याकाळभर पेट्रोल त्याहून जास्त लागतं.

"पण नियम करून बघायला काय हरकत आहे?" असं विचारणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आपण ते करून बघितलेलं आहे. १९७२ चा कायदा आला तेव्हा शिकार सरसकट बंद नव्हती. परवाने होते : मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा, प्राणी पकडण्याचाही वेगळा. ससा लहान शिकारीत मोडायचा. ही सगळी व्यवस्था १९९१ च्या दुरुस्तीने मोडीत निघाली आणि परवान्याची शिकार संपली. का संपली हे समजायला फार अक्कल लागत नाही. परवाना एका सशाचा, थैलीत चार ससे, आणि रानात मोजणार कोण? आज एका वनरक्षकाकडे जेवढं बीट आहे तेवढं दिवसा फिरून होत नाही, रात्री तर नाहीच.

तिसऱ्या अटीबद्दल, ससा सुखरूप सोडून देण्याबद्दल, मला जास्त बोलायचं आहे. ती अट सर्वांत दयाळू दिसते आणि सर्वांत जास्त ससे तिच्यातच मरतील.

तुरी कापायच्या दिवसांत एकाने माझ्याकडे टोमॅटोचं कॅरेट आणलं. वरून बारदान बांधलेलं, आत ससा. शेतात सापडला म्हणाला, पोरांनी हौसेने ठेवला होता, आता उठत नाही. बारदान काढलं तर ससा पुढच्या दोन पायांवर उठायला बघत होता आणि मागचा अर्धा भाग पोत्यासारखा पडून होता. मी कण्यावरून बोट फिरवलं. कमरेच्या जागी बोट आत गेलं. कुत्र्याने धरलेला नव्हता, कोणी मारलेला नव्हता, अंगावर ओरखडा नाही. सशाच्या मांड्यांत ताकद अफाट आणि हाडं हलकी. कोंडलेला ससा दचकला की दोन्ही पाय झाडतो, पुढे मोकळं रान नसतं, कॅरेटची भिंत असते, आणि आपल्याच जोराने आपला कणा मोडून घेतो. कॅरेटच्या तळाशी लघवी साचली होती, गडद तपकिरी. तो दुसरा पुरावा. भीतीने आणि धडपडीने स्नायू आतल्या आत मोडतात, त्यांतलं रंगद्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतं. असा प्राणी कधी तासाभरात मरतो, कधी दोन-चार दिवसांनी. वनखात्याला कळवलं, पंचनामा झाला. तो ससा रात्र काढू शकला नाही.

या दोन-चार दिवसांतच शर्यतवाल्यांची सोय आहे. शर्यत संपते, ससा सोडला जातो, तो पळत जाऊन झुडपात शिरतो, लोक टाळ्या वाजवतात, फोटो निघतो. मग तो कुठे तरी तुरीच्या ओळीत मरतो आणि मुंगसाच्या, कोल्ह्याच्या पोटात जातो. हिशोबात तो जिवंतच राहतो.

तरी समजा, आपण सगळं कडेकोट केलं. तसं करणारा एक देश आहे, आणि पोरांनी त्याचेच व्हिडिओ पाहिले होते. आयर्लंडमध्ये दोन कुत्र्यांची सशामागची शर्यत अजून कायदेशीर आहे. तिथलं सरकार दर हंगामाला परवाना देतं. क्लबची माणसं जाळी लावून रानातले ससे धरतात, शर्यतीपर्यंत काही आठवडे कुंपणात ठेवतात, खाऊ घालतात, एका दिशेने पळायची सवय लावतात. आजारी, जखमी किंवा गाभण ससा पळवायचा नाही. एका दिवसात एका सशाला दोनदा पळवायचं नाही. कुत्र्यांच्या गळ्यात एकाच्या लाल आणि एकाच्या पांढरा पट्टा, मैदानाच्या टोकाला सशाला निसटायची वाट, हजर डॉक्टर, सरकारी निरीक्षक. १९९३ पासून कुत्र्यांना मुसकं सक्तीचं आहे. त्याआधी ससे मैदानातच फाडले जात. याहून नीटनेटकी व्यवस्था आमच्याकडून होणार नाही. तरीही तिथल्या सरकारी निरीक्षकांच्या अहवालांत कुत्र्यांनी दाबून धरलेले, जखमी झालेले, मेलेले ससे येतच राहतात. कारण मुसकं बांधलेला पंचवीस-तीस किलोचा कुत्रा वेगात सशावर आदळतो, तेव्हा दात लागत नाहीत एवढंच. वर २०१९ मध्ये तिथे सशांत एक जीवघेणा संसर्गजन्य रोग आढळला आणि सरकारला ससे धरायचे परवानेच थांबवावे लागले. रानोरानचे ससे एका कुंपणात आणून पुन्हा रानोरान सोडायचे, म्हणजे रोगाला स्वतःच्या हाताने गावोगाव पोचवणं. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. ज्याने बाजारातून नवीन बकरी आणून कळपात सोडली आहे तो शेतकरी समजून चुकेल.

शेजारच्या ब्रिटनने दुसरी वाट धरली. स्कॉटलंडने २००२ मध्ये, इंग्लंड-वेल्सने २००४ च्या कायद्याने आणि उत्तर आयर्लंडने २०११ मध्ये हा खेळ बंद केला. लिव्हरपूलजवळची वॉटरलू कप ही १८३६ पासूनची शर्यत २००५ मध्ये शेवटची झाली. बंदीनंतर खेळ थांबला का? नाही. चोरून चालतो, त्यावर सट्टा चालतो, शेतकऱ्यांना धमक्या मिळतात. म्हणजे आपल्यासारखंच. पण २०२२ मध्ये त्यांनी कायदा आणखी आवळला, आणि त्यातली एक तरतूद मला फार आवडली : दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालय कुत्रे पाळायलाच मनाई करू शकतं, आणि जप्त केलेल्या कुत्र्याच्या सांभाळाचा खर्च त्याच्याकडून वसूल करू शकतं.

इथे आपल्या कायद्यात एक भोक आहे. गुन्ह्यात वापरलेला सापळा, साधन, वाहन, होडी, हत्यार हे सगळं जप्त करता येतं, असं आपला वन्यजीव कायदा म्हणतो. कुत्रा शब्दाने कुठे नाही. अधिकारी जिद्दीचा असेल तर कुत्र्याला 'साधन' म्हणून धरेलही. पण धरून ठेवणार कुठे? रेंज ऑफिसच्या आवारात साखळीला? त्याला खायला घालायचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा? म्हणून गाडी जप्त होते आणि कुत्रा घरी जातो. गाडी सुटेपर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर बसून तो पुन्हा रानात. या खेळात भारी किंमत मोटारसायकलला नसते, कुत्र्याला असते. चांगल्या हाऊंडसाठी माणसं जमिनीचा तुकडा विकल्यागत बोलतात. कुत्रा गेला तर खेळ गेला. तेव्हा राज्य सरकारला करण्यासारखं काही असेल तर ते हे : हाऊंड कुत्र्यांची ग्रामपंचायतीत नोंद, अंगात चिप, आणि गुन्ह्यात सापडलेला कुत्रा निकालापर्यंत मालकाच्या खर्चाने सरकारी ताब्यात.

कुत्र्यांचा मी वैरी नाही. उलट त्यांच्यासाठीच जीव तुटतो. सशाच्या मागे ऊर फुटेस्तोवर पळालेला एक तरणा कुत्रा दोघे जण गाडीवर धरून माझ्या ओट्यावर घेऊन आले होते. जीभ विटकरी झालेली, लाळ दोरीसारखी, पाय ताठ. थर्मामीटर घातलं तर १०८ च्या वर. निरोगी कुत्र्याचं १०१-१०२ असतं. ओली बारदानं, पंखा, सलाईन, पोटावर आणि जांघेत गार पाणी. एकीकडे मी शीर शोधत होतो आणि दुसरीकडे त्यातला एक जण विचारत होता, "उद्या पळन का?" कुत्र्याचे चारही तळवे तुरीच्या धसकटांनी चिरले होते. कापलेल्या तुरीच्या, पऱ्हाटीच्या रानात सशाचा पाय अलगद पडतो, वेगाची हौस असलेल्या कुत्र्याचा पडत नाही. छातीत धसकट घुसलेले, डोळा गेलेले कुत्रे मी शिवले आहेत. ही जनावरं टाके घालताना ओरडतही नाहीत. पळायचं वय संपलं की यांतले कितीतरी बसस्टँडवर सोडून दिलेले दिसतात, फासळ्या मोजता येतील असे.

'आमची परंपरा आहे' हेही त्या अर्जात एका ओळीत होतं. परंपरेचा हिशोब मांडायचा तर रोहिणखेड कोणाला हार जाणार नाही. १४३७ मध्ये इथे बहमनी फौजेने खानदेशच्या फौजेला हरवलं, १५९० च्या सुमारास निजामशाहीच्या गादीचा निकाल इथेच लागला, १५८२ ची मशीद अजून उभी आहे. जनावरामागे जनावर सोडून शिकार खेळणंही जुनं आहे, पण ते बहुतेक राजेरजवाड्यांचं. कोल्हापूर दरबारात चित्ते पाळत, डोळ्यांवर झापड बांधून गाडीतून माळावर नेत आणि काळविटावर सोडत. ती शर्यत बघायला पाहुणे असत. पुढे देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणावे लागले. अखेर १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारनेच जाहीर केलं. आमच्या गावात जे होतं ते वेगळं होतं. करीच्या दिवशी पंधरा-वीस माणसं काठ्या आणि वाघर घेऊन डोंगराकडे जात, हाका करत, दोन-तीन ससे मिळाले तर वाटून खात. माझ्या आज्याने केलेलं आहे. तेही आज गुन्ह्यातच मोडतं आणि मोडावंच. पण त्यात कोणी सशाला आठ दिवस डांबून ठेवत नव्हतं, आणि त्याच्या ससेहोलपटीवर पैसे लावत नव्हतं.

या सगळ्यात ज्याची खरोखर परंपरा आहे, त्याला मात्र अर्ज करायचं सुचत नाही. फासेपारध्याला. तितर आणि ससा धरणं हे ज्याचं पोटापाण्याचं काम होतं, त्याला १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला. १९७२ च्या कायद्याने त्याचं काम गेलं, आणि बदल्यात जमीन किंवा धंदा देण्याचं काम अर्धवट राहिलं. आता रानात केसांचा फासा सापडला की पालं उचकटली जातात, बायकापोरांसकट चौकशी होते. आणि गाणं लावून सशाची शिकार फिरवणाऱ्या पोराच्या घरी गार्ड जातो तेव्हा आधी चहा होतो. तडजोडीची रक्कम भरून प्रकरण मिटवायची सोय कायद्यात आहे. ती ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच सोय आहे. मी पारध्याला सूट द्या म्हणत नाही. दोघांना एकच माप लावा आणि मग बघा, रानात कोण उरतं.

शेतकऱ्यांतही पोरांना आतून पाठिंबा देणारे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ससा हरभऱ्याचे शेंडे खुडतो, सोयाबीन दोन पानांवर असताना ओळीच्या ओळी खातो. रोही आणि डुकरांपुढे ते काहीच नाही, पण ज्याची ओळ गेली त्याला ते काहीच नाही असं सांगून बघा. सशाच्या नुकसानीचा पंचनामा करायला आलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. एवढंच सांगतो, की ससा हे कोल्ह्याचं, लांडग्याचं, बिबट्याचं रोजचं खाणं आहे. ज्ञानगंगा अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही, २०५ चौरस किलोमीटरचं. २०१९ च्या शेवटी टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चालत चालत तिथे पोचला तेव्हा सगळा जिल्हा हरखला होता. तिथला बिबट्या मात्र आमच्या वाडी-वस्तीवर नेहमीचा आहे. रानात त्याचं खाणं कमी झालं तर तो कुठे येईल हे बकरीवाल्यांना विचारा.

पोरांना पळवायचेच असतील कुत्रे, तर ससा लागतच नाही. ही जात नाकाने शिकार करत नाही, डोळ्याने करते. हललं की धावली. १९१९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला ओवेन स्मिथ नावाच्या माणसाने जिवंत सशाऐवजी यंत्रावर धावणारा नकली ससा वापरून मैदान उभं केलं, कारण जिवंत सशांची कत्तल त्याला बघवली नव्हती. पंजाबच्या खेड्यांतल्या मेळ्यांत आज कुत्रे अशाच नकली सशामागे धावतात. मोडीतल्या स्कूटरचं इंजिन, टायर काढलेली रिम, तीनचारशे मीटर नायलॉनची दोरी आणि टोकाला पांढरी पिशवी. धामणगाव बढेच्या कोणत्याही गॅरेजवाल्याला दोन दिवसांचं काम आहे. जमीन नांगरून, वखरून, धसकटं वेचून घ्यायची. त्यालाही परवानगी काढावी लागेल, आणि सट्टा तिथेही शिरेल. अमेरिकेतल्या त्या मैदानांचं पुढे सट्ट्यानेच वाटोळं केलं. पण तो बंदोबस्त माणसांचा आहे, तो पोलीस करू शकतात.

वनखात्याला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्या पैशांच्या नाहीत. गस्त बारा महिने सारखी घालून काही हाती लागत नाही. सोयाबीन निघाल्यापासून हरभरा फुलावर येईपर्यंतच्या रात्री महत्त्वाच्या, आणि त्यातही करीचे दिवस. व्हिडिओ टाकणारे तर आपल्याच हाताने पुरावा देतात, त्यात शेतातली विहीर, डीपी, डोंगराची ओळ सगळं दिसतं. लोक १९२६ वर फोन करतात. पण फोन करणाऱ्याचं नाव संध्याकाळपर्यंत गावभर झालं, तर पुढचा फोन येत नाही. कायद्यात दंडाच्या रकमेतून बातमी देणाऱ्याला बक्षीस द्यायची तरतूद आहे, ते बक्षीस मिळालेला माणूसही मी अजून पाहिलेला नाही.

आणि पकडलेला, जप्त केलेला जिवंत ससा. त्याचं काय करतात हे आपण पेपरात वाचतो : नैसर्गिक अधिवासात मुक्त. दुपारच्या उन्हात, जीपच्या बॉनेटजवळ, पाच-सात माणसांच्या मध्ये, कान धरून. कान हे सशाचं कातडं आणि रक्तवाहिन्या आहेत, मूठ नव्हे. कुठून आणला हे लिहिलेलं नसतं, कुठे सोडला तेही मोघम. कंटाळलेली माणसं घरातले पांढरे ससेसुद्धा असेच राजूर घाटात नेऊन सोडतात. त्या बिचाऱ्यांना रान म्हणजे काय ते ठाऊक नसतं, आणि त्यांचा रोग रानसशाला लागू शकतो. शेतात सापडलेली सशाची पिल्लं तर उचलूच नयेत. डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच ती जन्मतात, आई दिवसभर जवळ नसते आणि अंधारात येऊन पाजून जाते. गाईचं दूध पाजून फुगलेली किती पिल्लं माझ्याकडे आली, त्यातलं एकही वाचलं नाही. उपचाराचं मोठं केंद्र नागपूरला सेमिनरी हिल्सवर, तीनशे किलोमीटरहून लांब. तिथवर ससा पोचत नाही.

म्हणून जप्त सशासाठी प्रत्येक रेंजमध्ये एक वही असावी. ससा कुठल्या शिवारात धरला होता, किती तास कोंडला होता, डॉक्टरने मागचे पाय आणि लघवी पाहिली का, हे तिच्यात लिहावं. कोंडायचाच असेल तर अंधाऱ्या, गवत घातलेल्या गोणपाटाच्या पेटीत, कॅरेटमध्ये नाही. चालता येत असेल तर उपचाराच्या नावाखाली ठेवून घेऊ नये. ज्या शिवारातला असेल त्याच शिवारात, दिवस मावळल्यावर, एकाच माणसाने पेटीचं तोंड झुडपाकडे करून उघडावं आणि मागे सरकावं. फोटोला उजेड पुरणार नाही, हे मला मान्य आहे.